प्रस्तावना : अपघातानंतर मांजराचा जबडा

मांजर कसंही पडलं तरी चार पायांवरच पडतं, हे आपल्याकडे लहान मूलही सांगतं आणि ते बहुतांशी खरं आहे. पाठीवर सोडलेलं मांजर हवेतल्या हवेत कसं वळतं, याची ओळीनं घेतलेली छायाचित्रं फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ एतियेन-ज्यूल मारे यांनी १८९४ मध्येच प्रसिद्ध केली. मात्र पाय टेकल्यानंतरच्या क्षणी काय होतं, याकडे फारसं लक्ष जात नाही. उंची जास्त असेल तर पाय तो भार पेलू शकत नाहीत. कोपरं दुमडतात, छाती जमिनीला लागते, डोकं पुढे झुकतं आणि हनुवटी फरशीवर आदळते. त्या आघाताचा जोर खालच्या जबड्याच्या हाडातून मागे सरकत कानाच्या अगदी पुढ्यात असलेल्या एका लहानशा सांध्यापर्यंत पोहोचतो. हे पुस्तक त्या सांध्याबद्दल आहे. तिथली इजा कशी ओळखायची, शस्त्रक्रिया कधी करायची, कधी टाळायची आणि त्यानंतरच्या महिन्यांत मांजराकडे कसं पाहायचं, हे यात सांगितलं आहे.

विषय इतका अरुंद वाटतो की त्यासाठी अख्खं पुस्तक कशाला, असं कुणीही विचारेल. माझं उत्तर असं की, जबडा हे मांजराच्या जगण्याचं मुख्य हत्यार आहे. भक्ष्य धरणं, फाडणं, अंग चाटून स्वच्छ ठेवणं, पिल्लू मानेला धरून उचलणं ही सगळी कामं याच एका यंत्रणेवर चालतात. तीन पायांचं मांजर आनंदात जगतं, एका डोळ्याचंही जगतं. तोंड न उघडणारं मांजर मात्र आपल्यासमोर, आपल्या घरात, भरल्या ताटलीपुढे हळूहळू उपाशी राहतं.

उंच इमारतींवरून पडणाऱ्या मांजरांच्या इजांना पशुवैद्यकात ‘हाय-राइज सिंड्रोम’ असं नाव १९७६ मध्ये मिळालं. त्याचा सर्वांत गाजलेला अभ्यास न्यूयॉर्कच्या ॲनिमल मेडिकल सेंटरमधल्या व्हिटनी आणि मेहलहाफ या दोघांचा आहे. १९८४ च्या पाच महिन्यांत तिथे आणलेल्या १३२ मांजरांच्या नोंदी त्यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केल्या. ज्यांच्यावर उपचार झाले त्यांतली जवळजवळ ९० टक्के मांजरं वाचली. ही गोष्ट जगभर सांगितली गेली. सातव्या मजल्याच्या वरून पडलेल्यांना उलट कमी लागलं, ही चमत्कारिक बाबही त्याबरोबर पसरली. त्यावर पुढे आक्षेप आला आणि तो रास्त होता : जागच्या जागी मेलेलं मांजर कुणी दवाखान्यात आणत नाही, त्यामुळे ते मोजणीत येतच नाही. मला त्या नोंदींमधली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. निम्म्याहून अधिक मांजरांच्या चेहऱ्याला इजा होती. टाळू चिरलेली, दात तुटलेले, जबडा मोडलेला. वाचलेल्यांचा आकडा सगळ्यांच्या तोंडी राहिला आणि वाचल्यानंतर त्यांचं तोंड कसं चाललं, हा प्रश्न मागे पडला.

मुंबई, ठाणे, पुण्यातल्या कुठल्याही लहान प्राण्यांच्या दवाखान्यात हे मांजर ओळखीचं आहे. गॅलरीच्या कठड्यावर कबुतरामागे झेपावलेलं, खिडकीच्या स्लायडिंगमधून निसटलेलं. त्याच्याखेरीज दुचाकीचा धक्का लागलेलं असतं, कुत्र्यानं डोकं चावलेलं असतं, दारात सापडलेलं पिल्लू असतं. जीव वाचला की घरचे म्हणतात, जिवावरचं शेपटावर निभावलं. त्यांचा आनंद मी कधी कमी लेखत नाही. तरी जबड्याच्या बाबतीत त्या दिवसापासून किमान काही महिने हिशोब चालू असतो, हे तेव्हाच सांगावं लागतं.

आधी हा सांधा समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्याच्या घडणीतून येतं.

खालचा जबडा डावा आणि उजवा अशा दोन हाडांचा असतो. माणसात ही दोन हाडं जन्मानंतर वर्षभरात एकजीव होतात. मांजरात ती आयुष्यभर वेगळीच राहतात आणि हनुवटीशी तंतुमय कुर्चेनं जोडलेली असतात. प्रत्येक हाडाच्या मागच्या टोकाला एक आडवा, गोलसर दंड असतो. तो कानशिलाच्या हाडातल्या खोबणीत बसतो आणि दोहोंच्या मध्ये एक पातळ चकती असते. या खोबणीला मागून हाडाचा आधार असतो. मांजरात तो पुढूनही असतो. दंड दोन्हीकडून धरलेला असल्यामुळे मांजराचा जबडा घट्ट बसवलेल्या बिजागरीसारखा वर-खाली होतो. गाय किंवा बकरी जशी दाढा आडव्या फिरवत रवंथ करते, तसं मांजराला करता येत नाही, आणि त्याला त्याची गरजही नाही. त्याचे दात दळणारे नसून कापणारे आहेत.

या घट्टपणाची एक किंमत आहे. सैल सांध्यात हाड थोडं इकडेतिकडे झालं तर चालून जातं. इथे मिलिमीटरभर फरक पडला तरी वरचे सुळे आणि खालचे सुळे एकमेकांवर आदळतात आणि तोंड मिटत नाही. त्यातच सांध्याच्या जवळूनच कोरोनॉइड नावाचा जबड्याचा पसरट भाग वर जातो आणि गालाच्या हाडाच्या कमानीखालून सरकतो. या दोघांमधली जागा अगदी थोडी असते. तिथे रक्त साकळलं, हाडाचा तुकडा पडला किंवा कमान मोडून आत दबली, तर सांधा शाबूत असूनही जबडा अडतो.

मांजराच्या जबड्याला होणाऱ्या इजांमध्ये सर्वांत नेहमीची इजा मात्र सांध्यातली नसते. हनुवटीचा जोड फाटतो, दोन्ही बाजू वेगवेगळ्या हलू लागतात. ते पाहून मालक घाबरतात, पण सुळ्यांच्या मागून हनुवटीभोवती एक तार फिरवून तो जोड बहुधा व्यवस्थित बांधता येतो. धोका वेगळाच असतो. पुढची मोड दिसली, बांधली, समाधान झालं आणि मागे सांध्यात काय झालं ते कुणी पाहिलंच नाही, असं होऊ शकतं. हनुवटी फुटली म्हणजे जोर मागे गेला असणार, हे गृहीत धरूनच दोन्ही सांधे तपासावेत, यावर या पुस्तकात भर दिला आहे आणि मी त्याला पूर्ण दुजोरा देतो.

सांध्याची इजा चेहऱ्यावरूनही बरीच वाचता येते. दंड खोबणीतून निखळला की मांजरात तो बहुतेक वेळा पुढे आणि वर सरकतो. मग हनुवटी निखळलेल्या बाजूच्या विरुद्ध वळते. डावा सांधा निखळला तर हनुवटी उजवीकडे. हाडाचं टोक मोडलं, किंवा खोबणीमागचा आधार मोडून दंड मागे गेला, तर हनुवटी इजेच्या बाजूलाच झुकते. तोंड अर्धवट उघडं, लाळ गळते, मांजर वाटीजवळ जातं, वास घेतं आणि परत फिरतं. एवढं दिसलं तरी घरच्यांनी जबडा हातानं बसवायला जाऊ नये. दुखणारं मांजर चावतं हे एक कारण. मोड आहे की निखळणं, हे बाहेरून खात्रीनं कळत नाही, हे त्याहून मोठं कारण. मोडलेल्या सांध्यावर जोर लावला तर आहे ते नुकसान वाढतं.

खात्री करायला साधा एक्स-रे अनेकदा पुरत नाही. मांजराची कवटी लहान आणि तिथली हाडं एकावर एक आलेली. दोन्ही सांधे एकमेकांवर पडू नयेत म्हणून डोकं तिरकं ठेवून फोटो काढावे लागतात आणि तरीही बारीक चीर हुकते. सीटी स्कॅननं हा प्रश्न जवळजवळ सोडवला आहे. मोठ्या शहरांबाहेर तो सहज मिळत नाही आणि स्वस्तही नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही घरच्यांनी एकाच तपासणीवर पैसे खर्च करायचं ठरवलं तर ती कोणती असावी, असं मला विचारलं जातं तेव्हा मी सीटीच सांगतो.

ताज्या निखळण्यावरचा इलाज जुना आहे आणि जमला तर फार समाधान देणारा आहे. पूर्ण भूल देऊन मागच्या दाढांमध्ये पेन्सिलीएवढी लाकडी दांडी आडवी धरतात आणि पुढून तोंड हळूहळू मिटत आणतात. दांडीचा टेकू मिळून मागचं टोक खाली येतं, मग जबडा मागे ढकलला की दंड खोबणीत जातो. हे पहिल्या काही दिवसांतच सोपं असतं. नंतर खोबणीत गाठ आणि तंतू भरतात, आणि बसवलेला सांधाही पुन्हा निसटतो. तो जागेवर राहावा म्हणून वरचे आणि खालचे सुळे दातांच्या कॉम्पोझिटनं एकमेकांना काही दिवस जोडून ठेवण्याची पद्धत आहे. जोडताना तोंड साधारण सेंटीमीटरभर उघडं ठेवतात, जीभ बाहेर येऊन पातळ अन्न चाटता यावं म्हणून.

आपल्या हवेत या पद्धतीला एक जोड हवी. तोंड बांधलेल्या मांजराला उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते आणि उकाड्यात त्याला धापा टाकून अंग थंड करता येत नाही. एप्रिल-मेमध्ये विदर्भात किंवा मराठवाड्यात असं मांजर पत्र्याखालच्या खोलीत ठेवणं म्हणजे दुसरा अपघात ओढवून घेणं. अशा दिवसांत ते दवाखान्यातच ठेवावं, नाहीतर घरातल्या सर्वांत गार खोलीत सतत कुणाच्या तरी नजरेखाली.

दोन गोष्टी पुस्तकात वेगळ्या चौकटीत दिल्या आहेत. त्यांमुळे मांजरं दगावतात, म्हणून इथेही सांगतो. पहिली, उपास. कुत्रं चार दिवस जेवलं नाही तर अशक्त होतं. मांजर, त्यातही गुबगुबीत मांजर, काही दिवस उपाशी राहिलं तर त्याच्या यकृतात चरबी साठते आणि कावीळ होऊन ते मरू शकतं. म्हणून जबड्याची मोठी इजा असेल तर त्याच भुलीत मानेच्या बाजूनं अन्ननलिकेत फीडिंग ट्यूब घालून घ्यावी. नळी पाहून घरच्यांच्या पोटात गोळा येतो, पण मांजर ती आश्चर्यकारक शांतपणे सहन करतं आणि जबड्याला विश्रांती मिळते. दुसरी गोष्ट, घरातलं पॅरासिटॅमॉल. मांजराचं यकृत ते पचवू शकत नाही. त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी निकामी होतात, आणि माणसाची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरेशी आहे. वेदनेवर मांजरासाठी सुरक्षित औषधं आहेत. ती डॉक्टरांनी वजन करून द्यायची असतात.

आता ज्या मुद्द्यासाठी हे पुस्तक मला स्वतःला अत्यंत गरजेचं वाटलं, त्याकडे येतो.

सांध्यात चीर पडली, रक्त साकळलं, कुर्चा फाटली आणि त्यावर जबडा फार दिवस हलला नाही, तर शरीर आपल्या परीनं दुरुस्ती करू लागतं. हाडाच्या मोडीत ही दुरुस्ती वरदान असते. सांध्यात तीच शाप ठरते. दंड आणि खोबण यांच्यात आधी तंतू येतात, मग हाड. सांधा आखडतो आणि शेवटी एकजीव होऊन जातो. याला अँकिलोसिस म्हणतात. सांध्याबाहेर, म्हणजे कोरोनॉइड आणि गालाची कमान यांच्यामध्ये हाडाचा पूल तयार झाला तरी बाहेरून चित्र तेच दिसतं. वाढत्या वयाच्या पिल्लांना हा धोका अधिक, कारण त्यांचं हाड झपाट्यानं बनतं. हे सगळं आठवड्यांत, महिन्यांत होतं. तोवर टाके निघालेले असतात, दवाखान्याच्या फेऱ्या थांबलेल्या असतात.

असं एक पिल्लू एका आजींनी माझ्याकडे आणलं होतं. अपघात जुना होता, मोटरसायकलचा धक्का. तेव्हा चार दिवस सुजलेला चेहरा पुढे आपोआप उतरला होता. आजींची तक्रार जेवणाची नव्हतीच. “डॉक्टर, खातो सगळं, पण अंग चाटत नाही. बघा कसा कळकट झालाय,” त्या म्हणाल्या. त्या रोज मांदेली शिजवून, काटे काढून, कुस्करून त्याच्यापुढे ठेवत आणि ते दातांच्या फटीतून जिभेच्या टोकानं ओढून घेई. अंग स्वच्छ करायला जीभ पूर्ण बाहेर यावी लागते, ती येत नव्हती. वाढत्या वयात ते हाडाचा सापळा होऊन राहिलं होतं आणि आजींना वाटत होतं की ते जातीनंच बारीक आहे. सीटीमध्ये एका बाजूचा सांधा दिसतच नव्हता, तिथे सलग हाड होतं. आजींच्या निरीक्षणामुळे त्या पिल्लाला वेळेत शस्त्रक्रिया मिळाली. ते शेवटपर्यंत पूर्ण जांभई देऊ शकलं नाही. पण मांदेलीचे तुकडे स्वतः चावून खाऊ लागलं आणि अंगही चाटू लागलं.

अशा बंद जबड्यावर भूल देऊन जोरानं तोंड उघडण्याचा मोह होतो. तो टाळायलाच हवा. हाडानं जोडलेला सांधा जोरानं उघडत नाही, जबडा दुसरीकडे मोडतो. केवळ तंतू असले तर ते फाटतात, फाटलेल्या जागी पुन्हा रक्त साकळतं आणि काही आठवड्यांत आधीपेक्षा घट्ट गाठ बसते.

मांजराचं तोंड कुठल्याही कामासाठी ताणून उघडं ठेवण्यात आणखी एक संकट आहे, आणि ते आपल्या व्यवसायात सर्वांना माहीत असायला हवं. माणसाच्या मेंदूला रक्त पुरवणारी गळ्यातली मुख्य आतली धमनी मांजरात जन्मानंतर लवकरच निकामी होते. त्याच्या मेंदूला आणि डोळ्यांच्या पडद्यांना बरंचसं रक्त जबड्याच्या मागच्या कोनाजवळून जाणाऱ्या मॅक्सिलरी धमनीतून मिळतं. तोंड पूर्ण ताणलं की ही धमनी जबड्याचं हाड आणि मध्यकर्णाचा हाडाचा कोश यांच्यामध्ये दाबली जाऊ शकते. २०१२ मध्ये भुलीतून उठल्यावर आंधळ्या झालेल्या २० मांजरांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. त्यातल्या बहुतेकांना तोंड उघडं धरणारा गॅग लावलेला होता. काहींची दृष्टी परत आली, सगळ्यांची नाही. त्यानंतरच्या तपासण्यांत तोंड जितकं कमी ताणलं तितका रक्तप्रवाह सुरक्षित राहतो, असंच दिसलं. स्प्रिंगचा गॅग मांजरांसाठी वापरू नये, असं माझं ठाम मत आहे. इंजेक्शनच्या सुईचं झाकण लहान कापून सुळ्यांमध्ये ठेवलं तरी बहुतेक कामं होतात.

सांधा एकजीव झाला असेल तर शस्त्रक्रियेला पर्याय उरत नाही. ही कल्पना माणसांच्या शल्यशास्त्रातून आली. इंग्लंडमधल्या जॉर्ज मरे हम्फ्री यांनी जबड्याचं सांध्यातलं टोक कापून काढल्याची नोंद १८५६ मध्ये प्रसिद्ध केली होती. मांजरांत याच मार्गानं जाणारे अनुभव विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जमू लागले. इटलीतल्या मेओमार्तिनो आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये सात मांजरांचा आढावा घेतला. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या दंत आणि मुख शल्यचिकित्सकांनी जुळलेल्या हाडाचा रुंद भाग काढून मोकळी जागा ठेवण्याचं तंत्र सीटीच्या आधारानं बरंच पुढे नेलं. नोंदी अजून थोड्या आहेत, आणि म्हणूनच एकेका मांजराचा अनुभव नीट लिहून ठेवण्याला मोल आहे.

तंत्र पुस्तकात पायरीपायरीनं आलं आहे. मी फक्त त्यातल्या अवघड जागा दाखवतो. पहिली अवघड जागा सुरी लागण्याआधीच येते. तोंड उघडत नसलेल्या मांजराच्या श्वासनलिकेत नळी घालायची कशी? भूल दिली की घशाचे स्नायू सैल पडतात, श्वास अडला तर आत पोहोचायला वाटच नसते. बारीक एंडोस्कोपच्या मदतीनं नळी घालता येते. मानेतून वर घातलेल्या मार्गदर्शक तारेवरून घालता येते. दोन्ही जमलं नाही तर गळ्याला छेद देऊन श्वासनलिका तात्पुरती उघडावी लागते. ही तिन्ही तयारी टेबलावर मांडलेली असल्याशिवाय अशा मांजराला भूल देऊ नये. सांधा उघडणारा कितीही कुशल असला तरी त्या दिवशीचा निकाल पहिल्या दहा मिनिटांत भूलतज्ज्ञाच्या हाती असतो.

दुसरी अवघड जागा म्हणजे सांध्याभोवतीची गर्दी. गालाच्या कमानीच्या खालच्या कडेनं छेद घेऊन चावण्याचा मोठा स्नायू बाजूला केला की सांधा दिसतो. पण वरून चेहऱ्याच्या नसेच्या फांद्या जातात. त्यातली पापणीची फांदी दुखावली तर मांजर डोळा मिटू शकत नाही आणि बुबुळ कोरडं पडतं. आतल्या बाजूला तीच मॅक्सिलरी धमनी. हाडाच्या गोळ्यात सगळं झाकलं गेल्यावर नेहमीच्या खुणा राहत नाहीत, म्हणून सीटीवरून मापं काढून आधीच ठरवावं लागतं. हाड कापायला पिएझो यंत्र मिळालं तर मऊ भागाला इजा होण्याची शक्यता घटते. नाहीतर हाड घासणारा बर आणि संयम. जोड बाहेरचा असेल तर सांध्याला हात न लावता कमानीचा आणि कोरोनॉइडचा काही भाग काढूनही काम होतं. म्हणूनच सुरी धरण्यापूर्वी हाड कुठे जुळलं आहे, हे नेमकं कळायला हवं.

किती हाड काढायचं, यात कंजूषी करू नये. अरुंद फट ठेवली तर काही महिन्यांत ती पुन्हा भरते. साधारण सेंटीमीटरभर मोकळी जागा राहील इतकं काढण्याकडे शल्यचिकित्सकांचा कल असतो. मग सांध्याशिवाय जबडा राहतो कसा, असा प्रश्न नवीन डॉक्टरही विचारतात. चावण्याच्या स्नायूंचा पट्टाच त्याला तोलून धरतो आणि मोकळ्या जागेत तंतूंचा एक सैल जोड तयार होतो. माणसासारखा कृत्रिम सांधा बसवण्याची गरज पडत नाही. हनुवटी थोडी एका बाजूला झुकते, एखादा सुळा हिरडीत रुतत असेल तर त्याची उंची कमी करावी लागते किंवा तो काढावा लागतो. मांजराला आरशात बघायचं नसतं. खाता आलं की त्याचं काम होतं.

प्रत्येक मोडलेल्या सांध्याची शस्त्रक्रिया करावी, असं मात्र हे पुस्तक सांगत नाही आणि मीही सांगणार नाही. हाडाच्या टोकाला साधी चीर असेल, दात नीट जुळत असतील, मांजर मऊ खात असेल, तर वेदनाशामक औषध, मऊ अन्न आणि लवकर सुरू केलेली हालचाल यांवर बरीच मांजरं बरी होतात. सुरुवातीच्याच दिवसांत टोक काढून टाकण्याची घाई मला पटत नाही. मांजर खात असेल तर थांबावं, पण दर आठवड्याला तोंडाचं माप घेत थांबावं. उघडणं कमी होत चाललं तर मग उशीर करू नये.

अपघाताशी थेट संबंध नसलेला एक प्रकारही यात आला आहे. जांभई दिल्यावर तोंड उघडंच अडकणारी मांजरं असतात, विशेषतः पर्शियनसारख्या चपट्या चेहऱ्याची. कोरोनॉइड कमानीच्या बाहेर जाऊन अडतो. उपाय तोच, कमानीचा किंवा कोरोनॉइडचा थोडा भाग काढणं. पर्शियन मांजरं आपल्या शहरांत वाढत आहेत, म्हणून हे प्रकरण ठेवलं ते योग्य झालं.

शस्त्रक्रियेनंतर पहिले आठवडे घरच्यांचे असतात. टेबलावर मिळालेलं उघडणं तसंच टिकत नाही, काही अंशी ते कमी होतंच. ते टिकवायला जबडा हलता ठेवावा लागतो. मांजर दिवसातून तीन वेळा तोंडात बोटं घालू देईल, अशी अपेक्षा करणं त्याच्या स्वभावाला धरून नाही. त्याऐवजी मांसाचा मोठा तुकडा दोऱ्याला बांधून धरणं, चावायला आवडेल असं खेळणं देणं, सुका खाऊ लवकर सुरू करणं यांचा उपयोग होतो. दुखत असेल तर ते चावणार नाही, म्हणून वेदनाशामक लवकर बंद करू नये.

हे मराठीत का? परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय मुंबईकरांच्या तोंडी आजही बैलघोडा हॉस्पिटल आहे, आणि त्याच्याच शेजारी १८८६ मध्ये पशुवैद्यकीय महाविद्यालय उभं राहिलं. बैल आणि घोडा यांच्यासाठी आपल्याकडे पशुवैद्यक सुरू झालं, गाई-म्हशींसाठी ते गावोगाव गेलं. मांजर त्यात फार उशिरा आलं. त्याच्या इजांविषयीची पुस्तकं इंग्रजीत आहेत आणि महाग आहेत. मांजराला रोज पाहणारी व्यक्ती मात्र बहुधा मराठी बोलणारी घरातली बाई, सोसायटीत भटक्या मांजरांना खाऊ घालणारे काका, किंवा तालुक्याच्या गावात एकट्यानं दवाखाना चालवणारा तरुण डॉक्टर असतो. सांध्याचं आखडणं वेळेवर कुणी पकडू शकत असेल तर तीच माणसं. आजींनी ते पकडलं ते कळकट केसांवरून.

म्हणून दोन्हीकडच्या वाचकांना विनंती आहे. घरच्यांनी खिडक्या-गॅलऱ्यांना जाळी लावून घ्यावी, आणि डोक्याला मार लागलेलं मांजर पुढचे सहा महिने दर पंधरा दिवसांनी जांभई देताना नीट पाहावं. मोठ्या मांजराचं तोंड पुढच्या दातांपाशी साधारण सहा सेंटीमीटर उघडतं, त्यात आधी आणि नंतर असा फरक दिसला तर वाट पाहू नये. आणि डॉक्टरांनी, डोक्याच्या इजेचं मांजर आलं की वजन आणि ताप लिहितो त्याच ओळीत, वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये लिहायला सुरुवात करावी. भुलीत असताना मोजपट्टीनं, जोर न लावता मोजावं, आणि प्रत्येक फेरीला तोच आकडा पुन्हा लिहावा.